दादाला 'तुम्ही' म्हणणारी माणसं – दोन वर्षांचा अनुभव, तीन स्टार

तीन स्टार का, चार का नाहीत, ते शेवटी सांगते. हे लांबणार आहे, त्यामुळे ज्यांना घाई आहे त्यांनी सोडून द्या. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि तिथली माणसं कामाला चांगली आहेत, उगाच त्यांच्या मागे कोणी लागायला नको. पण दिव्यांग माणसाच्या आणि घरच्यांच्या बाजूने उभी राहणारी अशी सर्व्हिस घ्यायची म्हणजे नक्की काय घ्यायचं, काय बघून घ्यायचं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

तर माझा दादा. वय ४३, डाऊन सिंड्रोम, बौद्धिक दिव्यांगत्व. मी धाकटी, पण लहानपणापासून सगळे मलाच सांगायचे 'दादाकडे लक्ष दे', त्यामुळे मोठं कोण आणि लहान कोण हा घोळ आमच्याकडे कायमचाच. बाबा गेले आणि सहा महिन्यांत कळलं की दादाचे कागद कुठे आहेत, डॉक्टरची पुढची तारीख कधी, कुठल्या गोळीने त्याला झोप येते आणि कुठल्या गोळीने उडते, हे सगळं बाबांच्या डोक्यात होतं आणि कागदावर एक ओळ नव्हती. आई सत्तरीची, तिचे गुडघे गेलेले. एका रात्री दीड वाजता मी मोबाईलवर शोधत बसलेले की आईनंतर भावाचं काय करायचं, आणि तिथून या लोकांचा नंबर मिळाला.

आधी ही सर्व्हिस म्हणजे काय ते. ही शाळा नाही, थेरपी सेंटर नाही, दिवसभर सांभाळणारं केंद्र तर अजिबात नाही. आम्हाला हे समजायलाच दोन महिने गेले, आईला वाटत होतं रोज कोणीतरी येऊन दादाला बघणार. तसं नाही. यांचं काम तुमच्या बाजूने उभं राहायचं. डॉक्टरकडे, बँकेत, दादाच्या कामाच्या ठिकाणी, जिथे जिथे चार शिकलेली माणसं टेबलाच्या पलीकडे बसतात आणि आपण अलीकडे घाबरून बसतो, तिथे हे आपल्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात. काय विचारायचं ते आधी घरी लिहून घेतात, तिथे कोण काय म्हणालं ते टिपून ठेवतात, आणि 'हे लेखी द्याल का' एवढं एकच वाक्य अशा आवाजात म्हणतात की समोरचा पेन शोधायला लागतो. शिवाय पुढच्या सोयीचं प्लॅनिंग, आणि महिन्यातून एकदा ग्रुप.

सुरुवात मात्र भंगार होती. फोन केला, एका मुलीने सगळं ऐकून घेतलं, म्हणाली कॉल येईल, तो आला नवव्या दिवशी. नऊ दिवस! ज्या घरातून हा फोन येतो त्या घरात फोन करायच्या आधी किती दिवस कोणी झोपलेलं नसतं हे यांना तरी माहीत असायला हवं. नंतर विचारलं तर म्हणे दोनच माणसं आहेत फोनवर. असतील, पण मग तसं पहिल्याच दिवशी सांगा ना, की आठ-दहा दिवस लागतील, म्हणजे माणूस दर तासाला मोबाईल बघत बसत नाही.

पण मग संस्थेची समन्वयक, आमची ताई, घरी आली. वयाने माझ्यापेक्षा लहानच असेल, पाठीला सॅक, हातात साधी वही. आम्ही तिघं बसलेलो, आई एकदम तयारीत, फायली मांडून. ताईने आईला नमस्कार केला, मला केला आणि मग दादाकडे वळून म्हणाली, "तुम्ही कुठे बसता नेहमी? मी तुमच्या जागेवर तर नाही ना बसले?"

दादाने मागे वळून बघितलं. खरंच. त्याला वाटलं दारातून अजून कोणीतरी आलंय. तोपर्यंतच्या आयुष्यात त्याला कोणीही 'तुम्ही' म्हटलेलं मला आठवत नाही. डॉक्टर 'तू' म्हणतात, बँकेतला विशीतला मुलगा 'काय रे' म्हणतो, बसमधली अनोळखी बाई 'बाळा' म्हणते, डोक्यावरचे अर्धे केस पिकलेत त्याचे. मी पण तर 'तू'च म्हणते, पण ती गोष्ट वेगळी, मी बहीण आहे. किंवा तेव्हा मला तरी वाटत होतं की वेगळी आहे.

पुढे तासभर तेच चाललं. ताई प्रश्न दादाला विचारायची, उत्तर आई द्यायची. 'काम आवडतं का तुम्हाला?' आई म्हणते हो हो, आवडतं त्याला. तीन वेळा झाल्यावर ताईने नुसता हात थोडा वर केला, आईकडे न बघता, आणि दादाकडे बघत थांबली. आता दादाला बोलायला वेळ लागतो, शब्द आधी आत कुठेतरी जुळवावे लागतात, आणि ती शांतता भयंकर होती. मी मनात मोजत होते, वीसच्या पुढे गेले. आईचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. आणि दादा म्हणाला, "काम आवडतं. साहेब ओरडतो ते नाही आवडत." अकरा वर्षं तो त्या ठिकाणी कपड्यांच्या घड्या घालायला जातोय. साहेब ओरडतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

एवढ्यासाठीच मी लोकांना सांगते की सर्व्हिस बघायला जाल तेव्हा माहितीपत्रक नंतर वाचा, आधी बघा की आलेला माणूस कोणाकडे तोंड करून बसतो, आणि थांबतो का. बाकी सगळं शिकवता येतं, हे ज्याला येत नाही त्याला येत नाही.

मग प्लॅनिंगची मीटिंग. यात एक मोठा कागद भिंतीला लावतात आणि मधे ज्याचं प्लॅनिंग आहे त्याचं नाव, आजूबाजूला त्याची माणसं, त्याला काय आवडतं, काय नको, पुढे काय हवंय. मी आणि आई तयारीने गेलेलो, आमच्या लिस्टमध्ये विमा, पैशाची सोय, औषधं. ताईने दादाला विचारलं तुम्हाला काय हवंय. दादा म्हणाला, "किल्ली."

आम्ही हसलो. वाईट वाटतं आता, पण हसलो. ताईने न हसता कागदावर किल्लीचं चित्र काढलं आणि विचारलं, कुठली? घराची. का? "सगळ्यांकडे आहे." तर ते खरंच होतं. आमच्या घरच्या किल्ल्या आईकडे, माझ्याकडे, माझ्या नवऱ्याकडे, इतकंच काय शेजारच्या काकूंकडेही एक. जो माणूस त्या घरात सगळ्यात जास्त वर्षं राहिलाय त्याच्याकडे नाही.

आई ठाम नको म्हणाली, हरवेल, कोणीतरी काढून घेईल, चोरी होईल. मी पण आईच्याच बाजूने होते हे कबूल करते. ताईने वाद नाही घातला. ती म्हणाली तुम्ही आयुष्यात किती वेळा किल्ली हरवली? मी म्हटलं असेल चार-पाच वेळा. मग ती नुसतीच वहीत बघत राहिली. या लोकांच्या भाषेत याला 'डिग्निटी ऑफ रिस्क' म्हणतात, १९७२ साली रॉबर्ट पर्स्के नावाच्या अमेरिकन माणसाने यावर लिहिलं होतं, की माणसाला सगळ्या धोक्यांपासून वाचवत बसलात तर त्याच्यातलं माणूसपणच काढून घेता. मराठीत याला चपखल शब्द मला सापडला नाही. आपल्याकडे 'जपणं' हा इतका चांगला शब्द आहे की त्याच्या विरुद्ध काही बोलताच येत नाही.

तर किल्ली दिली. सहा आठवडे सराव, आधी फक्त कुलूप उघडणं, मग उघडून परत लावणं, मग हरवली तर कोणाला फोन करायचा ते. पहिल्यांदा हरवली ती बुटात सापडली. दुसऱ्यांदा सापडलीच नाही, कुलूप बदलावं लागलं, आई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती (दादाशी बोलत होती, माझ्याशी नाही, म्हणजे बघा). आता निळ्या दोरीने पॅन्टच्या पट्ट्याला बांधलेली असते. संध्याकाळी तो कामावरून आला आणि आई चुकून दार उघडून उभी असेल तर तिला आत जाऊन दार परत लावून घ्यावं लागतं. मग तो किल्लीने उघडतो. आईचे गुडघे दुखतात, ती कुरकुरते, पण लावते दार.

आता डॉक्टरचा किस्सा, ज्यासाठी मी यांचे पाय धरायला तयार आहे. मागच्या वर्षी दादा अचानक बिघडला. उजव्या गालावर स्वतःच्या हाताने मारून घ्यायचा, रात्री ओरडायचा, कामावर जायला नको म्हणायचा. एका डॉक्टरकडे नेलं (नाव नाही लिहीत), त्यांनी दादाकडे धड बघितलंही नाही, मला म्हणाले अशा पेशंटमध्ये वय वाढलं की बिहेवियर बिघडतं, ही गोळी द्या. गोळीने तो पंधरा दिवस नुसता झोपला. उठला की परत गालावर मारायचा. मी ताईला फोन केला तर तिने आधी माझ्याकडून सगळं खोदून काढलं, कधीपासून, कुठली बाजू, चावताना जास्त होतं का, थंड पाणी पितो का. मग ती आमच्यासोबत आली आणि डॉक्टरांना अगदी शांतपणे म्हणाली, "हेच जर तुमच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या कुठल्या ४२ वर्षांच्या माणसाला होत असतं तर तुम्ही आधी काय तपासलं असतं?" डॉक्टर जरा गप्प झाले आणि मग डेंटिस्टकडे पाठवलं. मागची दाढ मुळाशी सडलेली, पू झालेला. दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी दादा कामावर.

याला पण नाव आहे, डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग, १९८२ पासूनचा शब्द आहे. म्हणजे माणसाला आधीच एक लेबल लागलं की त्याचं दुखणंखुपणं सगळं त्या लेबलच्या सावलीत जातं, डॉक्टरांना वेगळा आजार दिसतच नाही. ही काही छोटी गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या लोकांच्या मृत्यूंची एक मोठी चौकशी झाली, २०१३ साली रिपोर्ट आला, त्यात निघालं की अशा व्यक्तींमधले पुरुष इतरांपेक्षा १३ वर्षं आणि बायका २० वर्षं आधी जातात, आणि त्यातले कितीतरी मृत्यू नीट उपचार मिळाले असते तर टळले असते. मी ते आकडे वाचले तेव्हा मला दादाचा तो सुजलेला गालच दिसत होता.

त्यानंतर ताईने आमच्याकडून एक पान तयार करून घेतलं. वर दादाचा फोटो, खाली: मला वेळ द्या, मी उत्तर देतो. दुखत असेल तर मी दुखतंय म्हणत नाही, त्या जागी मारतो. सुई टोचायच्या आधी दाखवा. माझ्याशी बोला, बहिणीशी नंतर बोला. हे पान आता प्रत्येक डॉक्टरकडे आधी देते. तुम्ही कुठलीही सर्व्हिस घ्या नाहीतर नका घेऊ, हे एक पान आजच बनवा, बाबांनी बनवलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते.

तब्येतीचं अजून एक काम यांनी करून दिलं. डाऊनमध्ये थायरॉइडचा त्रास बऱ्याच जणांना होतो, त्यामुळे रक्त दरवर्षी तपासायचं, कान-डोळे तपासायचे, हे आम्हाला ढोबळ माहीत होतं. पण विसरण्याचा आजार, अल्झायमर, डाऊनमध्ये लवकर येतो हे नव्हतं माहीत. २१ नंबरचं क्रोमोसोम यांच्यात तीन असतात (हे १९५९ मध्ये पॅरिसमध्ये कळलं) आणि मेंदूत जे प्रोटीन साठून अल्झायमर होतो त्याचं जीन त्याच २१ नंबरवर आहे. ताईने सांगितलं दरवर्षी एक छोटा व्हिडिओ करा, दादा बटणं लावतोय, घडी घालतोय, सगळ्यांची नावं सांगतोय, म्हणजे पुढे काही बदललं तर डॉक्टरांना दाखवायला हातात काहीतरी असेल, नाहीतर 'हा आधीपासून असाच' म्हणून सोडून देतात. आम्ही दोन केलेत. दुसऱ्यात तो कॅमेऱ्याला किल्ली दाखवतोय.

आणि हे लागणार आहे, कारण ही माणसं आता जगतात. अमेरिकेत १९८३ साली डाऊन असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं, आता ६० च्या घरात आहे. दादा जन्मला तेव्हा आईला डॉक्टरांनी सांगितलं होतं फार आशा ठेवू नका. म्हणजे आईने 'माझ्यानंतर काय' हा प्रश्न कधी धरलाच नव्हता, तिला वाटायचं आधी तोच जाईल. हे तिने ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, घरी मला कधीच सांगितलं नव्हतं.

कायद्याच्या कामात मी यांना पैकीच्या पैकी देणार नाही पण चांगले मार्क देईन. बाबा गेल्यावर जो तो एकच सल्ला द्यायचा, की तू गार्डियन (कायदेशीर पालक) हो, सगळ्या सह्या तुझ्या, विषय संपला. मला पण सोपं वाटत होतं. ताईने विचारलं, म्हणजे मग दादाने कशावर सही करायची? कशावरच नाही? २००६ साली संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार झाला, त्याच्या कलम १२ चा अर्थ असा की दिव्यांग माणूस कायद्यापुढे इतरांसारखाच माणूस, निर्णय घ्यायला मदत लागत असेल तर मदत द्या. म्हणजे आपण समजावून सांगायचं, पर्याय दाखवायचे, निर्णय त्याचा. पेरूने २०१८ मध्ये कायदा बदलून दिव्यांग प्रौढांसाठीची गार्डियनशिपच काढून टाकली, कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये १९९६ च्या एका कायद्याने करारावर मदतनीस नेमायची सोय आहे. अर्थात प्रत्येक देशाचा कायदा निराळा, आपल्याला काय लागू होतं ते वकिलाकडूनच समजून घ्या, ताईने पण तेच सांगितलं, मला वकील गाठून दिला आणि स्वतः सोबत बसली. मार्क कापायचं कारण म्हणजे वकिलाच्या पहिल्या मीटिंगला दादाला बोलवायचं हे त्यांच्याही डोक्यात आलं नाही. मीच विचारलं. म्हणजे बघा, शिकवलं त्यांनी आणि विसरले पण तेच.

इथेच माझा खरा मुद्दा येतो. या सर्व्हिसच्या नावातच फॅमिली आहे. आणि फॅमिली म्हणजे आईबाप. हे काही वाईट नाही, ही सगळी चळवळच आईबापांनी उभी केली. इंग्लंडमध्ये १९४६ साली ज्युडी फ्रायड नावाच्या एका आईने आपल्या मुलीला शाळा मिळेना म्हणून मासिकात पत्र लिहिलं, तशाच इतर आयांची हजारावर पत्रं आली आणि त्यातून बौद्धिक दिव्यांगांसाठीची मेनकॅप ही संस्था उभी राहिली. कॅनडात व्हँकुव्हरच्या काही पालकांनी १९८९ मध्ये 'आम्ही गेल्यावर काय' एवढ्याच प्रश्नावर प्लॅन नावाची संस्था काढली, तिथे पैशापेक्षा आधी मुलाभोवती माणसं गोळा करतात. आयांनी केलं नसतं तर कोणीच केलं नसतं. पण १९७४ मध्ये अमेरिकेत ओरेगनमध्ये बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या लोकांनी स्वतःच एकत्र येऊन पीपल फर्स्ट सुरू केलं, की आम्ही आधी माणसं आहोत, आमच्या वतीने बोलणारे भरपूर झाले, आता आम्ही बोलतो. आमच्या या सर्व्हिसमध्ये पहिला भाग जोरात आहे, दुसरा नावाला. सेल्फ-ॲडव्होकसी, म्हणजे स्वतःची बाजू स्वतः मांडायचा, ग्रुप आहे म्हणतात, पण तो तीन महिन्यांतून एकदा, आणि दादा गेला तेव्हा त्यांना रंगवायला चित्रं दिली होती. ४३ वर्षांच्या माणसाला! तो घरी येऊन म्हणाला, "शाळा होती." नंतर गेला नाही.

आणि आता ती फोटोची गोष्ट. मागच्या वार्षिक अहवालात पान ९ वर दादाचा मोठा फोटो, किल्ली हातात धरून हसतोय, खाली लिहिलंय की एका छोट्याशा किल्लीने कसं आयुष्य बदललं वगैरे. फोटो सुंदर आहे. आईला विचारलं होतं, आईने हो म्हटलं होतं. दादाला कोणी विचारलं नव्हतं. मी त्याला दाखवला तर तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "चोर बघेल." एकदम बरोबर! ज्या किल्लीसाठी आम्ही सहा आठवडे शिकवलं की कोणाला दाखवायची नाही, ती यांनी छापली.

तक्रार केली. सहा आठवडे लागले, मधे दोनदा 'वरिष्ठांकडे पाठवलंय' झालं. पण शेवटी इंटरनेटवरच्या अहवालातून फोटो काढला, आणि फोन माझ्या नावाने न करता दादासाठी केला. बोलणाऱ्या बाई त्याला 'सॉरी, आम्ही तुम्हाला विचारायला हवं होतं' म्हणाल्या. दादा म्हणाला, "हो." आणि फोन ठेवला. आता नवीन परवानगीचा फॉर्म केलाय, छोटी वाक्यं, शेजारी चित्र, हो आणि नाहीचे दोन चौकोन. हे मी त्यांच्या बाजूने लिहितेय, चूक केली पण अंगावर घेतली, तुम्हाला किती ठिकाणी असं होतं? बाकी त्यांचा मुख्य करार मात्र अजून सहा पानी आहे आणि मी पदवीधर असून मला तो दोनदा वाचावा लागला.

भावाबहिणींच्या ग्रुपबद्दल थोडं. पालकांचा ग्रुप चांगला आहे, फक्त तिथे लहान मुलांचे आईबाप जास्त, त्यांचा विषय शाळा, आमचा विषय म्हातारपण, जुळत नाही. भावंडांचा ग्रुप मात्र सोनं. सात-आठ जण येतो आम्ही, कोणी सल्ला देत नाही. पहिल्या दिवशी एक मुलगा म्हणाला मला माझ्या बहिणीचा कधीकधी राग येतो आणि मग स्वतःचा, आणि कोणी 'अरे असं नाही बोलू' म्हटलं नाही. मी गाडीत बसून रडले. फक्त तो कामाच्या दिवशी दुपारी ठेवतात, म्हणजे नोकरीवाल्यांनी काय करायचं? तीनदा सांगून झालं.

शब्दांबद्दल विचारलं जातं म्हणून लिहिते. बाहेर लोकं अजून 'मतिमंद' म्हणतात, आमच्या घरात कुठलाच शब्द नव्हता, 'दादाचं असं आहे' एवढंच. अमेरिकेतल्या मानसोपचार डॉक्टरांच्या आजारांच्या यादीतूनही (डीएसएम) याच अर्थाचा जुना इंग्रजी शब्द २०१३ मध्ये गेला. संस्थेत सगळे बौद्धिक दिव्यांगत्व म्हणतात, बरं आहे. पण खरं सांगू का, मला त्या लांबलचक शब्दापेक्षा त्या दोन अक्षरी 'तुम्ही'ने जास्त फरक पडलेला दिसला.

कोणी घ्यावी: ज्यांच्या घरातली व्यक्ती मोठी झालीय आणि सगळं एकाच्याच डोक्यात आहे, त्यांनी आजच फोन करा, दहा दिवस लागतील असं धरून. कोणी घेऊ नये: ज्यांना रोज सांभाळणारं माणूस हवंय, ते इथे मिळणार नाही. आणि ज्यांना 'आमच्या मुलाला काही कळत नाही' हे वाक्य सोडवत नाही त्यांना पहिली मीटिंग जड जाईल, पण जा.

आता स्टार. मी चार देणार होते, एक कापला तो फोन, फोटो आणि सहा पानी कराराचा मिळून. मग लक्षात आलं की मी एवढं सगळं लिहितेय आणि ज्याची सर्व्हिस आहे त्याला विचारलंच नाही. मोबाईल दादाच्या हातात दिला, पाच रिकामे स्टार दाखवले, सांगितलं खूप आवडलं तर पाच, नाही आवडलं तर एक. तो बराच वेळ बघत होता, मी यावेळी तोंड बंद ठेवलं. त्याने तिसऱ्यावर बोट ठेवलं. का रे, म्हटलं.

"ताई गेली."

हो, ते लिहायचंच राहिलं. ताईने चार महिन्यांपूर्वी नोकरी सोडली, त्यानंतर दोन नवीन आले, एक महिन्यात गेला, आताची बरी आहे. आम्हाला ईमेल आला होता की आपला समन्वयक बदलत आहे. दादाला ईमेल नाही. तो पुढचे दोन गुरुवार शर्ट घालून तिची वाट बघत बसला होता, आणि मी ते माझ्या तक्रारींच्या यादीत धरलंच नव्हतं.

म्हणून तीन.